हिशेब, बयान आणि तपासणी : औद्योगिक प्रदूषणाच्या नोंदींचे राष्ट्रीय नियम आणि बडोदे

बडोद्याच्या उत्तरेस कोयली, बाजवा, रणोली, नंदेसरी या गावांच्या पट्ट्यात जे कारखाने उभे राहिले, त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी एका काँक्रीटच्या कालव्यातून समुद्राकडे जाते. धनोऱ्याजवळ सुरू होणारा हा कालवा पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून सुमारे ५५ किलोमीटर वाहत जाऊन सारोद गावाजवळ महीच्या मुखाशी रिकामा होतो. १९८३ साली तो कार्यान्वित झाला आणि १९९९ पासून त्याचा कारभार एका स्वतंत्र कंपनीकडे आहे. काठच्या गावांतून विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्याविषयी तक्रारी होत आल्या आहेत. अशी तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याचे मूळ प्रश्न दोनच असतात. आज या कालव्यातून काय वाहते आहे? आणि ते कोणी मोजले? या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली, ती कशी बदलत गेली आणि त्या बदलांत बडोद्याचा व गुजरातचा वाटा काय होता, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कलाभवनापासून कोयलीपर्यंत

बडोद्याचे रसायनांशी असलेले नाते स्वातंत्र्योत्तर काळातील नव्हे. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत १८९० साली कलाभवन स्थापन झाले. त्याचे प्रवर्तक प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याच प्रेरणेतून १९०७ मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्सचा जन्म झाला. १९४३ साली साराभाई केमिकल्स आले. त्यानंतर १९६२ मध्ये गुजरात राज्य खत कंपनीची स्थापना झाली, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स ही सरकारी कंपनी आली. या तिन्हींनी शहराचे रूप पालटून टाकले. त्यांच्या आसऱ्याने नंदेसरीची औद्योगिक वसाहत वाढली. तेथील कारखाने मुख्यतः लहान आणि मध्यम, रंगद्रव्ये व मध्यवर्ती रसायने बनविणारे.

संस्थानी बडोद्याची आणखी एक गोष्ट येथे नोंदविणे आवश्यक आहे. १९३१ साली या संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा राज्यकारभाराच्या परिभाषेचा कोश प्रसिद्ध केला. इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली भाषांतील पर्याय त्यात शेजारी शेजारी दिले आहेत. राज्य ज्या भाषेत हुकूम काढते ती रयतेला कळली पाहिजे, हा विचार या उद्योगामागे होता. मराठी आणि उर्दू एकाच पानावर, एकाच सरकारी कामासाठी! आजच्या भाषिक वादांच्या काळात हा ग्रंथ महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून धूळ झटकून काढण्यासारखा आहे. प्रदूषणाच्या नियमांच्या इतिहासाशी त्याचा संबंध काय, हे पुढे येईलच.

१९७४ : एक विसरलेली नोंदवही

जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा २३ मार्च १९७४ रोजी अमलात आला. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्थापन झाले. या कायद्याने कारखान्याला सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची संमती घेणे बंधनकारक केले आणि कलम २० अन्वये मंडळाला माहिती मागविण्याचा अधिकार दिला. म्हणजे माहितीचा प्रवाह कारखान्याकडून मंडळाकडे, आणि तोही मंडळाने मागितला तर.

परंतु याच कायद्याच्या कलम २५ मध्ये सहावे उपकलम आहे. त्यानुसार मंडळाने संमतीच्या अटींची एक नोंदवही ठेवायची आणि त्या सांडपाण्याशी ज्याचा संबंध आहे किंवा ज्याला त्याची झळ पोहोचते अशा कोणाही व्यक्तीला ती वाजवी वेळी पाहू द्यायची. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. त्याच्या ३१ वर्षे आधी पादऱ्याच्या शेतकऱ्याला ही वही उघडण्याचा हक्क मिळाला होता. हक्क होता, पण त्याची वार्ता कोणी त्याच्यापर्यंत नेली नाही. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यातही अशाच नोंदवहीची तरतूद झाली. तिचेही नशीब तेच.

१९७७ च्या जल उपकर कायद्याने मात्र कारखान्यांना नियमित विवरणपत्र भरण्याची सवय लावली. पाण्याचे मीटर बसवायचे, किती पाणी कशासाठी वापरले ते कळवायचे आणि त्यावर उपकर भरायचा. कारखान्याने स्वतःचा हिशेब स्वतः नियमितपणे द्यावा ही पद्धत पर्यावरणाच्या काळजीपोटी सुरू झाली नसून महसुलाच्या गरजेतून सुरू झाली, हे इतिहासाच्या अभ्यासकांना नवल वाटण्यासारखे नाही. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, हा उपकर रद्द झाला.

भोपाळनंतर

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्याने दोन देशांतील कायदे बदलले. भारतात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे आणि घातक रसायनांच्या हाताळणीचे असे दोन स्वतंत्र नियम झाले. दुसऱ्या नियमांनी मोठा अपघात झाल्यास तो कळविण्याचे बंधन कारखानदारावर घातले. अमेरिकेत भोपाळच्या पाठोपाठ १९८५ मध्ये त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील कारखान्यातून वायुगळती झाली. तेथील काँग्रेसने १९८६ मध्ये कायदा करून कारखान्यांनी हवा, पाणी व जमिनीत सोडलेल्या विषारी द्रव्यांची वार्षिक सूची सरकारला द्यावी आणि सरकारने ती जनतेसाठी खुली करावी असे ठरविले. कोणता कारखाना, कोणते द्रव्य, किती पौंड, हे शेजाऱ्याला वाचता येऊ लागले. मृत्यू भोपाळमध्ये झाले, पण शेजाऱ्याच्या हाती सूची पडली ती अमेरिकेत. भारतीय नियमांत माहिती अधिकाऱ्याकडे पोहोचली की काम संपले असे मानले गेले.

तपासणीचे निवेदन झाले

२६ फेब्रुवारी १९९२ रोजी केंद्र सरकारने प्रदूषण निवारणाचे धोरण जाहीर केले. लगेच १३ मार्च १९९२ च्या अधिसूचनेने १९८६ च्या पर्यावरण नियमांत नियम १४ घालण्यात आला. ज्यांना जल किंवा वायू कायद्याखाली संमती अथवा घातक कचऱ्यासाठी परवानगी लागते, अशा प्रत्येक उद्योगाने ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा 'पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल' १५ मेपर्यंत राज्य मंडळाला द्यावा, असा तो नियम होता. देशभर एकच नमुना, नमुना क्रमांक ५, ठरविण्यात आला.

वर्षभराने, २२ एप्रिल १९९३ रोजी, या नियमात दुरुस्ती झाली. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली. आणि शब्दही बदलला. 'लेखापरीक्षण अहवाल' जाऊन त्याच्या जागी 'पर्यावरण निवेदन' आले.

वरवर पाहता हा किरकोळ फेरफार वाटतो. तसा तो नाही. लेखापरीक्षणात दुसरा कोणीतरी येऊन वही तपासतो. निवेदन माणूस स्वतःविषयी करतो. आपल्या कचेऱ्यांच्या जुन्या भाषेत सांगायचे तर तपासणीच्या जागी बयान आले. बयान खोटेच असते असे नाही, पण बयानावर कोणी निकाल देत नाही. साक्ष काढावी लागते.

नमुना ५ स्वतः वाईट नाही. उलट तो विचारपूर्वक बनविलेला आहे. 'अ' भागात कारखान्याची ओळख व उत्पादनक्षमता येते. पुढच्या भागांत पाणी व कच्चा माल प्रति नग उत्पादनामागे किती लागला, सांडपाण्यात व धुरात कोणते प्रदूषक किती गेले आणि ते मानकापेक्षा किती टक्के वेगळे होते, घातक कचरा व घनकचरा किती निघाला व कोठे गेला हे विचारले जाते. प्रदूषण कमी करण्याच्या उपायांचा उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला, असाही एक प्रश्न त्यात आहे. मागील वर्ष आणि चालू वर्ष शेजारी शेजारी मांडायचे असल्याने तुलना आपोआप होते. अशी दहा वर्षांची निवेदने ओळीने लावली तर नंदेसरीच्या वसाहतीचा रासायनिक इतिहास लिहिता येईल. उणीव नमुन्यात नव्हती. भरलेला नमुना कोणी पडताळावा हे नियमाने सांगितले नाही आणि तो प्रसिद्ध करावा असेही म्हटले नाही. वर्षानुवर्षे तो फायलींत जमा होत गेला.

गुजरात उच्च न्यायालय आणि तपासनीसाचे वेतन

केंद्राने जे सोडून दिले ते गुजरातमध्ये न्यायालयाच्या मार्गाने परत आले. अहमदाबादच्या वटवा, ओढव, नरोडा भागांतील सांडपाणी खारीकट कालव्यातून खेड्यांत पोहोचत होते. त्याविरुद्ध शेतकऱ्यांच्या बाजूने झालेल्या याचिकेत उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सातशेहून अधिक कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्याच मालिकेत १९९६ च्या अखेरीस राज्यात पर्यावरण लेखापरीक्षणाची योजना सक्तीची झाली. प्रदूषणाची शक्यता अधिक असलेल्या उद्योगांची तपासणी बाहेरच्या, मान्यताप्राप्त पथकाने वर्षातून तीन वेळा करावी अशी ही रचना होती. अभियांत्रिकी महाविद्यालयेही तपासनीस म्हणून मान्य झाली. अध्यापकवर्गाने ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण सरकारी यंत्रणेच्या बाहेरचा साक्षीदार म्हणून येथे शिक्षणसंस्थेकडे पाहिले गेले.

या योजनेत एक मूलभूत दोष राहिला. तपासनीस निवडायचा कारखान्याने आणि पैसेही द्यायचे कारखान्याने. कडक अहवाल देणाऱ्याला पुढच्या वर्षी काम मिळेलच याची हमी नाही.

इस्लामी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना येथे मुहतसिब आठवल्याशिवाय राहणार नाही. बाजारातील वजनमापे, पाणवठे, रस्त्यातील उपद्रव यांवर नजर ठेवणारा हा अधिकारी होता. अकराव्या शतकात अल-मावर्दी यांनी 'अल-अहकाम अस-सुलतानिया' या ग्रंथात मुहतसिब आणि स्वेच्छेने उपदेश करणारा सामान्य माणूस यांच्यातील फरक सांगितले आहेत. मुहतसिबासाठी हे काम कर्तव्य आहे, इतरांसाठी ऐच्छिक. उघड गैरप्रकारांचा शोध त्याने स्वतः घ्यायचा आहे. आणि त्याच्या कामाचा मोबदला बैतुलमाल म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून देता येतो. दुकानदाराच्या गल्ल्यातून नव्हे! आपल्या मराठीतील 'हिशेब' आणि 'मुहतसिब' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. हिशेब देणारा आणि हिशेब घेणारा यांच्या पैशाची वाट वेगळी असावी, ही गोष्ट नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली होती. १९९६ च्या योजनेत तिचा विसर पडला.

त्याचे परिणाम मोजले गेले हे गुजरातचे विशेष. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद आणि सुरत भागांतील ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीच्या अहवालांत धूलिकणांचे मानक ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. स्वतंत्रपणे फेरमोजणी केली तेव्हा ते ५९ टक्के निघाले. अहवालांतले आकडे मानकाच्या किंचित खाली दाटीवाटीने बसलेले होते. परीक्षेत पस्तीसच्या जरा वर गुणांची गर्दी दिसली की अनुभवी परीक्षक काय समजायचे ते समजतो, तसाच हा प्रकार. ज्या कारखान्यांना तपासनीस चिठ्ठी पद्धतीने नेमून दिले, त्यांचे वेतन सामायिक निधीतून ठरावीक दराने दिले आणि काही मोजण्या पुन्हा करून पाहिल्या, तेथे प्रदूषण मानकाच्या आत असल्याचे खोटे नोंदविण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. प्रदूषणही कमी झाले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये मंडळाने आपल्या योजनेत सुधारणा केली. तपासनीस तेच, पदव्या त्याच. नेमणुकीची व वेतनाची रीत बदलताच अहवाल बदलले, ही या प्रयोगाची खरी शिकवण म्हणावी लागेल.

दारावरचा फलक आणि बडोद्याची याचिका

माहिती फायलीबाहेर काढण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न सर्वोच्च न्यायालयातून झाले. घातक कचऱ्यासंबंधीच्या याचिकेत १४ ऑक्टोबर २००३ रोजी दिलेल्या आदेशाने कारखान्यांना प्रवेशद्वाराबाहेर फलक लावणे भाग पडले. आत कोणती घातक रसायने किती आहेत, सांडपाणी, धूर व घातक कचरा यांचे प्रमाण काय, हे त्यावर लिहायचे. याच आदेशाने देखरेख समिती नेमली गेली आणि बडोद्यातील गोरवा भागात साठलेल्या क्रोमियमयुक्त कचऱ्याचा प्रश्न तिच्यापुढे आला.

दुसरा प्रयत्न थेट बडोद्याशी जोडलेला आहे. शहरातील कार्यकर्त्यांचा पुढाकार असलेल्या पर्यावरण सुरक्षा समितीने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. कारखान्यांची व वसाहतींची शुद्धीकरण केंद्रे कागदावर आहेत, प्रत्यक्षात चालत नाहीत, असा तिचा आशय होता. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सरन्यायाधीश जगदीश सिंग खेहर यांच्या पीठाने निर्णय दिला. कारखान्यांना तीन महिन्यांची सूचना द्यावी, त्यानंतर ज्यांचे शुद्धीकरण केंद्र चालू नसेल त्यांचे काम थांबवावे, वीज तोडावी. सामायिक केंद्रे तीन वर्षांत उभारावीत. आणि प्रदूषणाचे आकडे अखंड, प्रत्यक्ष वेळेनुसार जनतेसमोर ठेवावेत.

हा शेवटचा भाग शक्य झाला तो केंद्रीय मंडळाच्या ५ फेब्रुवारी २०१४ च्या निर्देशांमुळे. अधिक प्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांनी धुराड्यावर व सांडपाण्याच्या नळावर अखंड मोजणारी यंत्रे बसवून त्यांची जोडणी मंडळाच्या संगणकाशी करावी, असे त्यात सांगितले होते. वार्षिक बयानाच्या जागी दर काही मिनिटांनी येणारा आकडा आला. माणसाऐवजी यंत्र बोलू लागले. मात्र यंत्र कारखान्याच्या आवारात, त्याच्याच खर्चाने बसविलेले आणि त्याच्याच देखभालीखाली. वेतनाचा जुना प्रश्न येथे वेगळ्या रूपात शिल्लक राहतोच.

केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात बडोद्याचा औद्योगिक परिसर अतिगंभीर प्रदूषित गटात गेला. २००९ च्या मोजणीत तो त्या खालच्या, गंभीर प्रदूषित गटात होता. मोजणी वाढली म्हणून आकडा वाढला की प्रदूषण वाढले म्हणून, याचे उत्तर एका निर्देशांकातून मिळत नाही. मधल्या काळात पद्धतीही बदलली होती.

भाषेचा प्रश्न

मार्च २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांना १ जून व १ डिसेंबर असे वर्षातून दोनदा अनुपालन अहवाल द्यावे लागत. मसुद्यात ते वर्षातून एकदा करण्याचे योजिले होते. हरकती मागविल्या होत्या, पण मसुदा होता इंग्रजीत आणि हिंदीत. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत वाढविली आणि आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत मसुद्याची भाषांतरे करण्यास सांगितले. त्यात गुजराती, मराठी, उर्दू तिन्ही आल्या. केंद्राने राजभाषा कायद्याचा आधार घेऊन विरोध केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. तो मसुदा अंतिम अधिसूचना म्हणून लागू झाला नाही, त्यामुळे त्या भाषांतरांची कसोटीही लागली नाही.

१९३१ साली एका संस्थानाला जे आपले काम वाटले, ते २०२० साली प्रजासत्ताकाला बोजा वाटले, असे म्हणणे थोडे कठोर होईल. पण वस्तुस्थिती त्यापासून फार दूर नाही. आकड्यांची भाषा तर आणखीच बिकट. सीओडी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर, बीओडी ३० मिलिग्रॅम, ही नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मानके आहेत. पहिला आकडा पाण्यातील घाण रासायनिक रीतीने जाळण्यास लागणारा प्राणवायू दाखवितो, दुसरा जीवाणूंनी ती पचविण्यास लागणारा. इतके दोन वाक्यांत कोणत्याही भाषेत सांगता येते. फलकावर मात्र केवळ संक्षेप आणि संख्या असतात. सातवी शिकलेल्या माणसाने दारावरून जाताना त्यातून काय घ्यावे?

शिक्षेकडून दंडाकडे

१९८६ च्या कायद्यात नियमभंगासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होती. नमुना ५ न भरणे हाही त्या कायद्याखालील नियमभंगच, पण त्यासाठी कैद होणे ही कल्पनेतीलच गोष्ट. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण व वायू कायद्यांतील कैदेच्या जागी बहुतांशी आर्थिक दंड आणला. १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड न्यायनिर्णय अधिकारी ठरवू लागले. जल कायद्यातही २०२४ मध्ये तशीच दुरुस्ती झाली. न वापरलेल्या कठोर शिक्षेपेक्षा वापरला जाणारा दंड बरा, या युक्तिवादात तथ्य आहे. पण १५ लाखांची रक्कम नंदेसरीच्या लहान कारखान्याला आणि मोठ्या कंपनीला एकाच वजनाची वाटणार नाही, हेही तितकेच खरे.

२९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. १९९३ मध्ये राष्ट्रीय नियमांतून गेलेला 'लेखापरीक्षण' हा शब्द ३२ वर्षांनी परत आला. नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षक प्रकल्पांची पाहणी करतील, नमुने घेतील, अनुपालन तपासतील. आणि कोणत्या प्रकल्पाला कोणता लेखापरीक्षक, हे यादृच्छिक पद्धतीने ठरेल. अहमदाबाद-सुरतच्या प्रयोगातील चिठ्ठी अशा रीतीने देशाच्या नियमावलीत पोहोचली. मंडळांकडे मनुष्यबळ अपुरे आहे म्हणून ही व्यवस्था, असे सरकारचे स्पष्टीकरण आहे. मंडळांची रिक्त पदे भरण्याचा प्रश्न त्यामुळे मागे पडू नये अशी अपेक्षा बाळगता येईल.

या सगळ्या बदलांत १९७४ च्या कायद्यातील ती नोंदवही अजून कायम आहे. कलम २५ चे सहावे उपकलम कोणी रद्द केलेले नाही. राज्य मंडळाचे प्रादेशिक कार्यालय बडोद्यातच आहे. रसायनशास्त्राचा एक अध्यापक, भाषेचा एक अध्यापक आणि पादरा-जंबुसरकडची चार-पाच मुले मिळून नंदेसरीच्या संमतिपत्रांतील अटी गुजराती, मराठी आणि उर्दूत उतरवू शकतात. त्यासाठी नव्या नियमाची गरज नाही, कार्यालयीन वेळेत एक अर्ज पुरतो.